एका घासाला एक रील

सकाळचे साडेअकरा वाजत आले की मोठी मावशी पदर खोचायची. पाळणाघरातल्या बारा पोरांना जेवू घालायची वेळ झालेली असायची.

बारा पोरं, बारा वाट्या आणि चार हात. दोन हात मोठ्या मावशीचे, दोन धाकट्या मावशीचे. मोठी इथे अकरा वर्षं होती, धाकटी वर्षभरापूर्वी आलेली. दोन-तीन वर्षांच्या माणसाला जेवायचं नसलं की तो काय काय करू शकतो, यावर मोठीला कुणीही भाषणाला उभं करावं. एक मुलगी भाताचं एकेक शीत चघळत बसायची, तिचं नाव गोगलगाय. एक मुलगा हात पाठीमागे बांधून खोलीभर फेऱ्या मारायचा आणि चमचा घेऊन मावशी त्याच्या मागे मागे. तो मंत्री. नावं मोठ्या मावशीनेच ठेवलेली. आईबापांसमोर ती तोंडातून बाहेर काढायची नाहीत, एवढा एकच नियम होता.

सगळ्यांत अवघड नकोबा. वय अडीच, डोळे हे एवढाले, शब्द मोजून सहा, आणि त्यांतला सर्वांत लाडका शब्द ‘नको’. भात नको, भाजी नको, टोपी नको, टोपी काढलेलीही नको. शुक्रवारी अंडं असायचं, तेव्हा तर तो वाटी दिसताच ओठ आत ओढून घ्यायचा. तोंडाला कुलूप. मावशीने गाणी म्हटली, चमच्याचं विमान केलं, स्वतः खाऊन दाखवलं. शेवटी हात टेकले. प्रत्येक मुलाची एक वही होती आणि तीत रोज पदार्थ आणि त्यापुढे लिहावं लागे: पूर्ण, अर्धं किंवा नाही. नकोबाच्या वहीत शुक्रवारसमोर ‘नाही’. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही ‘नाही’. आठ-दहा शुक्रवार तेच.

संध्याकाळी त्याची आई न्यायला यायची. ती एका औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, दिवसभर उभी. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातून दोनदा घरी. ती दारातच वही उघडायची आणि तिचा चेहरा पडायचा. “आजही नाही?” असं ती विचारायची, आणि का कोण जाणे, मावशीला स्वतःलाच नापास झाल्यासारखं वाटायचं.

पाळणाघराच्या दारावर एक पाटी होती: ‘येथे मुलांना स्क्रीन दाखवली जात नाही.’ पाटी सुंदर होती, फुलाफुलांची. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडमनी मुद्दाम करून घेतलेली. आईबाप आत येताना ती वाचायचे आणि त्यांच्या जिवात जीव यायचा, कारण घरी त्यांनी पोराच्या हातात फोन दिलेला असायचा आणि कुठेतरी कुणीतरी देत नाही, याचं त्यांना बरं वाटायचं.

फोन पहिल्यांदा काढला धाकटीने. पावणेदोन वाजले होते, सात पोरांचं जेवण व्हायचं होतं, मंत्री टेबलाखाली, गोगलगाय रडकुंडीला. मोठीचे गुडघे इतके दुखत होते की खाली बसलेली ती आता उठेल की नाही, हे तिलाच सांगता आलं नसतं. धाकटीने फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि ते लहान-लहान व्हिडिओ सुरू केले, बोटाने वर ढकलले की पुढचा येतो ते.

“अगं, पाटी,” मोठी म्हणाली.

“पाटी बाहेर आहे,” धाकटी म्हणाली.

सातही पोरं अर्धगोल करून बसली. मंत्रीसुद्धा टेबलाखालून बाहेर आला. खोलीत इतकी शांतता झाली की मोठीला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. हे घड्याळ आवाज करतं, हे तिला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

मग दोघींनी त्याची पद्धत बसवली. माणूस कशाचीही पद्धत बसवतो. आधी धाकटीने शहाणपणा करून मुलांची गाणी लावली, फळांची नावं, प्राण्यांचे आवाज. त्याने काम होईना. गाणं लांबलं की पोरं इकडेतिकडे बघायची. चालायचे ते दहा-पंधरा सेकंदांचे: कुणी साबण सुरीने किसतंय, रंगीत गोळ्या जिन्यावरून घरंगळतायत, मांजर पडतंय, ट्रक चिखलात रुततोय. त्यात ना सुरुवात ना शेवट. आणि मोठीच्या लक्षात आलं की एक व्हिडिओ संपून दुसरा सुरू होताना, मधल्या त्या एका क्षणात, पोरांची तोंडं आपोआप उघडतात. चमचा तेव्हाच आत सारायचा. एका घासाला एक रील. धाकटी एका हाताने वर ढकलायची, दुसऱ्या हाताने भरवायची. मोठी दोन्ही हातांनी भरवायची, डावीकडे एक, उजवीकडे एक. बारा पोरं पंचवीस मिनिटांत आटोपायची.

उरलेल्या वेळात मोठी मावशी खुर्चीवर बसून गरम चहा प्यायली. या नोकरीत तिने गरम चहा कधीच प्यायला नव्हता. आपण चुकतोय हे तिला कळत होतं, आणि चहा चांगला लागत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मॅडमना ठाऊक होतं का? मॅडम जेवणाच्या वेळी ऑफिसचं दार लावून घ्यायला लागल्या होत्या, यावरून काय ते समजावं.

वह्यांमधून सगळीकडे ‘पूर्ण’ उगवलं. नकोबाच्याही. सोमवारी पूर्ण, मंगळवारी पूर्ण, बुधवारी मासा होता, तोही पूर्ण. शुक्रवारी भातात कुस्करलेलं अंडं, पूर्ण. त्या संध्याकाळी त्याच्या आईने वही दोनदा वाचली आणि मावशीचा हात हातात घेतला. “तुमच्या हाताला गुण आहे हो,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मावशीने हात सोडवून घेतला आणि पोराचे बूट शोधायला गेली.

त्या शुक्रवारी नकोबाच्या तोंडाभोवती लाल ठिपके उठले होते. मावशीने ते पाहिले, ओल्या फडक्याने पुसले, गरम भाताने आले असतील म्हणाली. पुढच्या शुक्रवारी तो दुपारच्या झोपेत ओकला. भराभरा खाल्लं म्हणून, असं धाकटी म्हणाली. मोठीने चादर धुतली, पोराला दुसरा शर्ट घातला आणि वहीत लिहिलं: पूर्ण.

तिसऱ्या शुक्रवारी तो तिच्या उजव्या बाजूला होता. भरवताना मावशी पोरांच्या चेहऱ्यांकडे बघायची नाही, तोंड उघडलं की नाही एवढंच बघायची. सात-आठ घास गेले. नवव्याला चमचा कशाला तरी अडला. तिने पुन्हा लावला, पुन्हा अडला, म्हणून तिने मान वर केली. नकोबाचा खालचा ओठ अंगठ्याएवढा सुजला होता. डोळ्यांच्या पापण्या फुगल्या होत्या आणि त्या फटींतून तो जगला टेकवलेल्या फोनकडे बघत होता. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. रील बदलली, आणि त्या सुजलेल्या ओठांनी त्याने पुन्हा तोंड उघडलं.

पुढे कितीतरी दिवस मावशीला आठवत राहिलं ते हे. त्याने तोंड उघडलं.

धाकटीने फोन हिसकून घेतला तेव्हा कुठे तो रडला, आणि तेही फोनसाठी. मोठीने त्याला उचललं आणि ती धावली. गुडघे, पाटी, चप्पल, काही म्हणजे काही तिला आठवलं नाही. दवाखाना मागच्याच गल्लीत होता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी एक शब्द न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं आणि मग तोंडावर वाफेचा मुखवटा धरला. पंधरा-वीस मिनिटांत शिट्टी थांबली. मावशी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडू आलं, पण आवाज न करता, कारण बाहेर बाकावर पेशंट होते.

आई आली ती दुकानाच्या पांढऱ्या कोटातच. मॅडमही आल्या. डॉक्टरांनी पोराला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं होतं आणि आता त्या कागद घेऊन बसल्या.

“अंडं यापूर्वी खाल्लं होतं?”

“नाही हो, तोंडच लावायचा नाही,” आई म्हणाली. “गेले दोन-तीन आठवडे खायला लागला.”

“बरोबर आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना घास नुसता ओठाला लागला तरी तोंडात खाज सुटते, जीभ चरचरते. त्यांना सांगता येत नाही, मग ती नको म्हणतात. त्या ‘नको’नेच याला इतके दिवस वाचवलं.” डॉक्टरांनी चष्मा वर केला. “मग आता कसं काय खाल्लं?”

मोठ्या मावशीने तोंड उघडलं, पण मॅडम आधी बोलल्या. “मुलांच्या संगतीत, डॉक्टर. दुसरी खातात ते बघून.”

“होतं असं,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मावशीने उघडलेलं तोंड मिटलं.

“तपासण्या पुढच्या महिन्यात करू,” डॉक्टर आईला सांगत होत्या. “तोवर जे तो आवडीने खातो आणि खाऊन त्याला काही होत नाही, तेवढंच द्यायचं. ज्याला नको म्हणेल त्याचा आग्रह नाही. सोमवारी मला अशा पदार्थांची यादी आणून द्या.”

“यादी काय, वहीच आहे,” आई म्हणाली. “मावशी रोज लिहितात. तीन आठवडे झाले, सगळं आवडीने खातो.” आणि तिने मावशीकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की मावशीला वाटलं, हिने त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी गेल्यावर मावशीने स्वतःसाठी भात लावला आणि तो तसाच राहिला. ती वही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मासा: पूर्ण. शेंगदाणे: पूर्ण. चीज: पूर्ण. ते खाताना नकोबाचा चेहरा कसा होता, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला आठवेना, कारण तिने बघितलाच नव्हता. त्याने तोंड वाकडं केलं होतं का, ओठ खाजवले होते का, काही नाही. पाठ होते ते साबण आणि मांजर. आता ती वही एक आई समोर ठेवून उतरवून काढणार आणि एक डॉक्टर खरी मानणार. आणि त्यात ठिपके नव्हते, ओकारीही नव्हती.

शनिवारी पाळणाघर बंद असायचं, पण मॅडम हिशेबबिशेब करत ऑफिसात बसायच्या. मावशी तिथे गेली.

“मी तिला सांगणार आहे,” ती उभ्या उभ्या म्हणाली. “फोनचं.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या. कुणी ओरडलं असतं तर मावशीला सोपं गेलं असतं.

“मावशी, तुम्ही तिला सांगाल, ती दुसऱ्या आईला सांगेल. बाराच्या बारा जातील.”

“वही खोटी आहे, मॅडम. त्यावरून ते पोर जेवणार.”

“मग मला असं म्हणावं लागेल, की मला काही माहीत नव्हतं.” मॅडमनी टेबलावरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते. “आणि माहीत झाल्यावर मी काय केलं, असंही लोक विचारतील. तुम्ही सोमवारपासून येऊ नका.”

“बरं,” मावशी म्हणाली. अकरा वर्षं संपायला एवढाच वेळ लागला.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. सर्दीचे दिवस, आठ-दहा माणसं रांगेत. काउंटरमागे एका उलट्या खोक्यावर नकोबा बसला होता. सूज उतरली होती, फक्त डोळ्यांखाली थोडं फुगीर. मांडीवर आईचा फोन. आई एका हाताने गोळ्यांची पाकिटं काढत होती आणि मधूनच दुसऱ्या हाताने डब्यातली केळ्याची फोड त्याच्या तोंडाजवळ नेत होती. त्याने मान हलवली नाही, नजर हलवली नाही. रील बदलली, तोंड उघडलं, फोड आत गेली.

मावशीला वाटलं, आल्या पावली परत जावं. सगळं सांगून झालंच आहे जणू.

पण आईने तिला पाहिलं आणि हसून काउंटरच्या आतल्या बाजूला बोलावलं. “बरा आहे आता. बघा ना, शांत बसलाय.” काउंटरवर ती वही उघडी होती आणि शेजारी कागदावर अर्धी यादी उतरून झाली होती.

“ही यादी देऊ नका,” मावशी म्हणाली.

“का?”

मावशीने सांगितलं. गोलगोल न बोलता सांगितलं: पाण्याचा जग, फोन, एका घासाला एक रील, लाल ठिपके, ओकारी, धुतलेली चादर. आई ऐकताना गिऱ्हाईकांना औषधं देत होती, मधेच “हे जेवणानंतर”, “हे रात्री एक” असं सांगत होती, आणि तिचा आवाज प्रत्येक वेळी थोडा बारीक होत गेला.

“तुम्ही पाटी लावली होती,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“मी ती पाटी बघून त्याला तिथे घातला.”

“हो.”

“तुमचा हात धरला होता मी.” आईने हे रागाने म्हटलं नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिने वहीची पानं मागे-पुढे केली. “घरी मीही तेच करते. मला वाटायचं, मीच तेवढी. तिथे तर तुम्ही नुसत्या हाताने भरवता, मग मलाच जमत नाही. अंडं मी घरी कधी दिलंच नाही, नाहीतर ते मीच केलं असतं.” ती थांबली. “मी औषधं विकते, मावशी. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या रोज विकते.”

आईने वही मिटली.

“म्हणजे माझ्या मुलाला काय आवडतं, हे कुणालाच माहीत नाही.”

“मला तरी नाही,” मावशी म्हणाली.

आईने यादीचा कागद चुरगळला. मग ती वाकली आणि तिने नकोबाच्या मांडीवरून फोन उचलला.

त्याने जो काय टाहो फोडला, तो रस्त्यापलीकडे गेला असेल. तो खोक्यावरून खाली घसरला, फरशीवर पाय आपटले, आईचा कोट दोन्ही मुठींत धरून ओढला. रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अहो, द्या की त्याला. कशाला रडवता लेकराला?” मागून कुणी म्हणालं, “डोकं आधीच दुखतंय, त्याच्याच गोळ्या घ्यायला आलोय.” दोघं-तिघं हसले.

आई कुणाच्या तरी गोळ्या मोजत होती आणि चार-चार वेळा चुकत होती. फोन तिने कोटाच्या खिशात टाकला होता आणि तो खिसा ती कोपराने दाबून धरत होती. तिने मावशीकडे पाहिलं.

“मला आठपर्यंत उभं राहायचंय,” ती म्हणाली. तक्रार नव्हती ती, निव्वळ माहिती होती.

“मला कुठे जायचं नाही,” मावशी म्हणाली. “सोमवारीही नाही.”

आईला ते कळायला एक क्षण लागला. मग ती फक्त थोडी बाजूला सरकली.

मावशी काउंटरमागे खाली बसली. गुडघ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. नकोबाने तिला लाथा मारल्या, तिचा पदर ओढला, तिच्या मनगटाला चावला. तिने त्याला ना जवळ ओढलं, ना दटावलं, ना गाणं म्हटलं. तिला ते येत होतं सगळं, पण आता तेही काहीतरी दाखवून गप्प करण्यासारखंच वाटलं. ती नुसती बसून राहिली. वर लोक औषधं घेत होते, खोकत होते, जात होते. पाऊण तास तरी गेला. रडण्याचं हुंदक्यांत रूपांतर झालं, हुंदक्यांचं उचक्यांत. तो तिच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसला, नाक गळत, फार दमून. तीही दमली होती.

तिने डब्यातली केळ्याची एक फोड घेतली आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला. त्याच्या तोंडाजवळ नेला नाही. दोघांच्या मधे, गुडघ्याच्या उंचीवर धरला.

हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही. वरून आईने, समोरच्या गिऱ्हाइकावरची नजर न काढता, हळूच विचारलं, “खाल्लं का काही?”

“नाही,” मावशी म्हणाली. “बघतोय.”